मागे घेतलेली चाल

१

मी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात आहे. सकाळची शिफ्ट. दुपारी घरी येतो, हातपाय धुतो, आतल्या खोलीत डोकावून दादाला बघतो, चहा घेतो आणि टीव्हीसमोर बसून खेळतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने व्हिडिओ गेम खेळावा का, हा प्रश्न शेजाऱ्यांना पडतो. तेच शेजारी त्याच वेळी मालिका बघत बसतात, त्याचं त्यांना काही वाटत नाही.

हा खेळ मुलीने पाठवला. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते. फोनवर म्हणाली, "बाबा, तुमचा आणि मोठ्या काकांचा तो जुना खेळ आठवतो? नव्याने काढलाय. आता तरी हरू नका."

खेळ साधा आहे. चौकोनांचा पट, त्यावर टेकड्या, भिंती, पूल. आपले मूठभर सैनिक, समोर त्यांचे. एकेकाने चाल करायची. मागे राजघराण्यांची, शापांची काहीतरी लांबलचक कथा आहे; ती मला तेव्हाही कळली नव्हती, आताही कळत नाही. मला पट कळतो.

नव्याने काढला म्हणजे काय केलं आहे, तर जुन्या भिंतीला गुळगुळीत रंग दिला आहे. पूर्वी सैनिक मुके होते. मरताना दार आपटल्यासारखा एक आवाज यायचा, बस्स. आता ते बोलतात. मरताना तर फारच बोलतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे 'मागे घ्या' नावाचं बटण. चाल चुकली की ते दाबायचं. पडदा निळा होतो, टेप उलटी फिरवल्यासारखा आवाज येतो, बाण छातीतून निघून धनुष्यावर परत येतो, पडलेला माणूस उठून उभा राहतो. गेलेला परत येत नाही म्हणून तर आम्ही श्वास रोखून खेळायचो. आता कुणी जातच नाही. मी ते बटण कधी दाबलं नाही. मला त्याची किळस येते.

आम्ही म्हणजे दादा आणि मी. दादा मागे खुर्चीत बसायचा, कंट्रोलर माझ्या हातात. "बारक्या, ढालकऱ्याला पुलावर घे. बारक्या, तिथे नको, अक्कल गहाण ठेवलीस का?" असं उंटावरून शेळ्या हाकणं. जिंकलो की तो जिंकायचा, हरलो की माझा अंगठा चुकलेला असायचा.

आता तो आतल्या खोलीत पडून आहे. पक्षाघाताचा झटका आल्याला वर्ष होऊन गेलं. डोळे उघडे असतात, छताकडे. हूं नाही की चूं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, "शरीर चालू आहे. त्यांना कळत काही नाही." दिवसा एक मावशी सांभाळायला येतात, बाकीचं सगळं बायकोवर. त्यात तिची कंबर गेली. म्हणून तिने एका संस्थेत चौकशी केली होती, आणि तिथे एक खाट रिकामी झाली.

"गुरुवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय," ती म्हणाली. "मी जबरदस्ती करत नाही. भाऊ तुमचा आहे. पण कंबर माझी आहे."

मी म्हटलं, बघतो. हे माझं नेहमीचं उत्तर आहे.

२

या खेळात चाल संपवताना सैनिकाचं तोंड कुठे ठेवायचं ते सांगावं लागतं. चारच दिशा. समोरून वार आला तर तो अडवतो, पाठीवर आला तर मरतो. नवखे लोक हे विसरतात. मी विसरत नाही. माझं कामच ते आहे. तिरक्या नंबरची काच चौकटीत केसभर फिरून बसली, तरी माणसाला जिना वाकडा दिसतो आणि तो दुकानदाराला शिव्या घालतो. पाव अंशाचा फरक माझ्या डोळ्याला टोचतो.

त्या सोमवारी मी भालाईताला टेकडीच्या टोकावर ठेवलं, तोंड शत्रूकडे. पुढच्या सैनिकाची चाल केली आणि बघतो तर भालाईत उजवीकडे वळलेला. उजवीकडे काहीच नव्हतं. पट तिथे संपत होता.

अंगठा घसरला असेल, म्हणून त्याला सरळ केलं. दोन चालींनी तो पुन्हा उजवीकडे. त्याच्या पाठीत बाण बसला तरी वळला नाही.

मुलीला फोन केला. ती हसली. "बाबा, बग असेल. अपडेट टाका. आणि त्याला मानेचा पट्टा द्या."

अपडेट टाकलं. दुसऱ्या दिवशी भालाईताच्या बरोबर तिरंदाजही उजवीकडे बघत होता.

३

नव्या खेळात एक बरी सोय आहे, पट फिरवून चारही बाजूंनी बघता येतो. मी फिरवला. सैनिक पटाबरोबर फिरायला हवे होते, म्हणजे आता त्यांची पाठ मला दिसायला हवी होती. पट फिरला, टेकडी फिरली, पूल फिरला. ते दोघे फिरले नाहीत. ते पडद्याच्या उजव्या कडेकडेच बघत राहिले. मी पट गरागरा फिरवला. त्यांच्या पायाखालची जमीन फिरत होती आणि ते उभे होते, गाडीची वाट बघणाऱ्या माणसांसारखे.

टीव्हीच्या उजव्या हाताला आतल्या खोलीचं दार आहे.

मला स्वतःचंच हसू आलं. बग म्हणजे बग, त्याला काय दार आणि खिडकी. तरी खात्री करावी म्हणून मी टीव्ही उचलून समोरच्या भिंतीला लावला आणि सोफा तिकडे वळवला.

"आता हे काय नवीन?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"खिडकीचा उजेड पडतो पडद्यावर."

"बारा वर्षं पडतोय. आज दिसला?"

टीव्ही समोरच्या भिंतीला गेला म्हणजे आतली खोली त्याच्या डाव्या हाताला आली. मी खेळ सुरू केला. दोघेही डावीकडे तोंड करून उभे होते. ढालकरीही.

४

बुधवारी मी जरा लवकर घरी आलो. मावशी रोज त्या वेळेला दादाला चाकाच्या खुर्चीत बसवून हॉलमधून गॅलरीत नेतात, उन्हाला. त्या खुर्चीचं एक चाक कोरडं आहे, फरशीच्या प्रत्येक जोडावर ते कुरकुरतं. मी खेळत होतो. खरं म्हणजे खेळत नव्हतो, नुसता पट लावून बसलो होतो.

कुरकुर आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आली तेव्हा माझे सगळे सैनिक तिकडे बघत होते. खुर्ची हॉलमध्ये आली. ते वळायला लागले.

मी सांगितलं, या खेळात चारच दिशा आहेत. सैनिक एका दिशेकडून दुसरीकडे वळतो तो एकदम, मधे काही नसतं. मधली चित्रंच काढलेली नाहीत. ते हळूहळू वळत होते, खुर्चीच्या गतीने. तिरपे. केसाकेसाने. शत्रूचे सैनिकही.

खुर्ची माझ्या सोफ्यामागून जाताना ते सगळे सरळ पडद्याबाहेर बघत होते. मग गॅलरीकडे.

"मोठे भाऊ आज जड झालेत हो," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "जेवण तर तेवढंच आहे."

"मावशी, जरा टीव्हीकडे बघा."

त्यांनी पाहिलं. "छान आहे. कपडे जुन्या पद्धतीचे आहेत. कुठली मालिका?"

५

गुरुवारी दुपारी बायको कंबर दाखवायला दवाखान्यात गेली होती. मी मावशींना म्हटलं, आज दादाला गॅलरीत नको, इथेच टीव्हीसमोर बसू दे. त्या बऱ्याच खूश झाल्या. "दोघे भाऊ बसा निवांत," म्हणाल्या आणि आत कपड्यांच्या घड्या घालायला गेल्या.

मी दादाची खुर्ची सोफ्यामागे लावली. त्याची नजर छताच्या कोपऱ्यात. ओठाच्या कडेला लाळ आली होती, ती पुसली. मग लढाई सुरू केली. नदीच्या उताराची लढाई, जुन्या खेळातही होती. पलीकडच्या काठावर त्यांची फौज, अलीकडे आपण. माझे सगळे सैनिक नदीकडे पाठ करून आमच्याकडे बघत उभे.

मी ढालकऱ्याला पाण्याच्या कडेला नेलं आणि वैदीणबाईला मोठ्या खडकामागे ठेवलं. ती जखमा बऱ्या करते. तिच्याकडे शस्त्र नाही, चिलखत नाही. तिला कुणीही जपेल.

पडदा निळा झाला. ढालकरी उलटा चालत परत आला. वैदीण खडकामागून निघून पहिल्या जागी गेली. माझा अंगठा त्या बटणाच्या जवळपासही नव्हता.

मी तीच चाल पुन्हा केली. पुन्हा निळा पडदा. मग तिरंदाजाला पुढे नेलं. मागे. भालाईताला नेलं. मागे. दर वेळी तो टेप उलटी फिरवल्यासारखा आवाज, आणि माझ्या मागे दादाचा श्वास, एका लयीत.

मला ठाऊक होतं त्याला काय हवं होतं. या लढाईत दादा नेहमी वैदीणबाईला एकटीला पाण्यात उभं करायला लावायचा, सगळ्यांच्या पुढे. सोपी शिकार दिसली की त्यांची अख्खी फौज तिच्यावर तुटून पडायची, आणि आपले लोक त्यांच्या पाठीवर. कधी न चुकणारी चाल. मला ती आवडायची नाही. मी तोंड पाडलं की तो म्हणायचा, "बारक्या, कुणीतरी पुढे उभं राहावंच लागतं."

आमचे वडील गेले तेव्हा घरात एकालाच शिकता येणार होतं. दादाने मला शाळेतून काढून काचांच्या कारखान्यात नेऊन सोडलं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. पुढे जे काही वाचलं, लिहिलं, शिकलो ते माझं मी.

मी वैदीणबाईला पाण्यात नेऊन ठेवलं.

पडदा निळा झाला नाही.

ते आले. नव्या खेळात ती मरताना बोलते. म्हणाली, "मला इथे का ठेवलंत?" आणि आम्ही जिंकलो.

वर्षभर मी रोज त्याच्या कानाशी जाऊन विचारत होतो, दादा, ऐकू येतंय का? मी कोण, ओळखलंस का? देवाची इतकी विनवणी मी आयुष्यात कधी केली नसेल. तो आत आहे, एवढंच मला कळायला हवं होतं. आता कळलं. तो आत होता, पुरेपूर होता, आणि एका केसानेही बदलला नव्हता.

मावशींनी त्याला परत आत नेऊन निजवलं. बायको आली, तिने दूध तापत ठेवलं. मी सोफ्यावरच होतो. ती चहाचा रिकामा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. घामाने केसांची एक बट कपाळाला चिकटली होती.

"मग काय ठरवलंत? आज कळवायचंय त्यांना."

"पाठवू," मी म्हटलं.

तिला हे अपेक्षित नव्हतं. "नीट विचार केलात ना? नंतर मला बोल लावायचा नाही."

"केला."

"अगं बाई, दूध!" ती आत पळाली.

६

शुक्रवारी सकाळी संस्थेची दोन माणसं आली. जिना अरुंद आहे, वळणावर त्यांना स्ट्रेचर उभं करावं लागलं. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "अरे, तुझ्या लग्नातला पलंग आहे का हा? हळू घे." मावशी रडल्या. बायको रडली नाही. तिने दादाच्या पायांवरची चादर नीट केली आणि खाली गाडीपर्यंत गेली.

मी गाडीतून बरोबर गेलो. खोली स्वच्छ होती, खिडकीतून एक झाड दिसत होतं. दादाला खाटेवर ठेवलं. त्याने तिथलं छत बघायला सुरुवात केली.

घरी आलो तेव्हा बायको दिवाणावर झोपली होती, भरदुपारी, दार उघडं टाकून. वर्षात मी तिला दिवसा आडवी झालेली पाहिली नव्हती. मी तिला उठवलं नाही. आवाज बारीक करून खेळ लावला. सगळे सैनिक मी ठेवले होते तिकडेच बघत होते. कुणी शत्रूकडे, कुणी पुलाकडे. कुणाच्याही मानेत काही नव्हतं. मी बऱ्याच दिवसांनी मन लावून खेळलो.

मग पडदा निळा झाला.

एक चाल मागे गेली. मग आणखी एक. मी बटणं दाबली, कंट्रोलर बाजूला ठेवला, उठून टीव्हीची वायर ओढली. वायर हातात आली. पडद्यावर नदीची लढाई उलटी चालली होती. वैदीणबाई पाण्यातून उठली आणि मागे मागे चालत काठावर आली. लढाईची सुरुवातही मागे पडली, पट मोकळा झाला, तरी तो उलट्या टेपचा आवाज थांबला नाही.

आणि माझ्या पाठीमागे, बाहेरच्या दारापासून आतल्या खोलीपर्यंत, कोरडं चाक फरशीच्या एकेका जोडावर कुरकुरत गेलं.

दिवाणावर कुणी नव्हतं.

"मग काय ठरवलंत? आज कळवायचंय त्यांना."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात कप. कपाळाला चिकटलेली बट.

"अगं, गेला ना तो सकाळी," मी म्हटलं.

"कोण गेलं?" ती म्हणाली. मग, "अगं बाई, दूध!"

मी आतल्या खोलीत गेलो. दादा खाटेवर होता, डोळे छताकडे. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वर्तमानपत्रावर गुरुवारची तारीख होती. मी रोज झोपण्यापूर्वी दिवसाची टिपणं लिहितो. गुरुवारचं पान मी भरलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. ते कोरं होतं.

७

माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो. मी पटवलं की सोफ्यावर डोळा लागला, जिना, गाडी आणि झाड स्वप्नात पाहिलं. रक्तदाबाची गोळी बदलल्याला फार दिवस झाले नव्हते. त्यानेही असं होत असेल.

मी पुन्हा म्हटलं, "पाठवू." सकाळी तीच दोन माणसं आली. "अरे, तुझ्या लग्नातला पलंग आहे का हा?" मावशी रडल्या. दुपारी घरी आल्यावर मी टीव्हीला हात लावला नाही. तो आपोआप निळा झाला.

"मग काय ठरवलंत? आज कळवायचंय त्यांना."

तेव्हा मला वाटलं, कळलं. त्याला जायचं नाही. एवढंच असेल तर एवढंच. आयुष्यभर त्याचं ऐकलं, आणखी एकदा. मी म्हटलं, "राहू दे. इथेच राहू दे त्याला."

बायकोने कप ओट्यावर ठेवला. दूध उतू गेलं तरी ती तिथेच उभी होती, एक हात कंबरेवर. मग वाकून ओटा पुसायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दादाला कुशीवर वळवत असताना मी हॉलमध्ये बसून होतो. चूक सुधारल्याचं समाधान मला मिळायला हवं होतं. मिळालं नाही, पण वाटलं, निदान हे संपलं.

पडदा निळा झाला.

म्हणजे पाठवणं नाही, ठेवणंही नाही. मग काय? मी आतल्या खोलीच्या दाराकडे बघत मोठ्याने विचारलं, "दादा, तुला हवंय तरी काय?" उत्तराची मला सवय नव्हतीच. मी टीव्हीकडे पाहिलं.

पट परत आला होता. आपले, त्यांचे, सगळे उभे होते. कुणीही आतल्या खोलीकडे बघत नव्हतं. कुणी माझ्याकडेही बघत नव्हतं. ते स्वयंपाकघराकडे बघत होते, पाण्यात सोपी शिकार दिसल्यावर पलीकडची फौज बघायची तसे.

ती दारात आली. हातात कप. कपाळाला चिकटलेली बट.

"मग काय ठरवलंत? आज कळवायचंय त्यांना."

"तू इकडे ये," मी म्हटलं. "आधी इथे माझ्याजवळ येऊन बस."

"का? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" ती एक पाऊल पुढे आली. पडद्यावर ते सगळे केसभर वळले.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात मावशी आल्या. हात छातीवर ठेवलेला, चेहरा आनंदाने फुललेला.

"वहिनी! अहो, लवकर या. मोठे भाऊ बोलतायत. तुम्हाला बोलावतायत हो, नाव घेऊन."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. वर्षभर तिने त्याचं अंग पुसलं होतं, त्याच्या तोंडात चमचा घातला होता, आणि घरातल्या कुणी, मीसुद्धा, त्याबद्दल तिला एक शब्द बोललो नव्हतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला?" ती म्हणाली.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. मला वाटतं मी मोठ्याने म्हटलं.

"काहीतरीच काय! आले, भाऊजी, आले." कप माझ्या हातात देऊन ती गेली, कंबर विसरून, जवळजवळ धावत. ते सगळे तिच्याबरोबर वळत गेले, तिरपे, हळूहळू, दारापर्यंत. मावशी तिला वाट द्यायला बाजूला झाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

ती आत गेली. दार लोटलं गेलं.

स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन गॅस विझल्याचा आवाज आला. मी कप हातात धरून पडद्याकडे बघत बसलो. निळा हो, मी म्हणत होतो. एकदा निळा हो.

तो झाला नाही.